विषमतेविरोधी आंदोलनांकडे सामान्य नागरिकाने कसे पाहावे?

प्रश्न:
मी पगारावर घर चालवणारा, कर वेळेवर भरणारा आणि आजवर एकाही मोर्चात न गेलेला माणूस आहे. आर्थिक विषमतेविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांची तक्रार मला मनापासून पटते. वर्षानुवर्षे इमानेइतबारे काम करूनही घरभाडे, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण यांचा मेळ बसू नये, आणि त्याच काळात मोठ्या संपत्ती मात्र वाढत राहाव्यात, हे कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारे आहे. तरीही अडचण उरतेच. २०११ साली न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये 'आम्ही ९९ टक्के' (म्हणजे सर्वांत श्रीमंत एक टक्का सोडून उरलेले सगळे) म्हणत लोक जवळपास दोन महिने ठाण मांडून बसले, १५ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना हटवले, आणि हाती ठोस असे काही लागले नाही. मग अशा आंदोलनांना पाठिंबा द्यायचा तो कशाच्या आधारावर?

प्रतिसाद १:
आपण हिशोब फार लवकर मांडला आहे, असे मला वाटते. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यानंतर अमेरिकी संसदेने वित्तव्यवस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. कर्जापायी घर गमावलेल्या कुटुंबांना तशी तत्परता अनुभवायला मिळाली नाही. झुकोटी पार्कमधला संताप तिथून आला होता. मात्र मागण्यांची यादी करायचीच नाही, अशी तिथल्या अनेकांची भूमिका होती आणि माझ्या मते तीच त्या आंदोलनाची सर्वांत मोठी उणीव ठरली.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्याच शहरातले फास्ट फूड कामगार संपावर गेले. त्यांची मागणी एका वाक्यात मावत होती: तासाला १५ डॉलर आणि संघटना बांधण्याचा हक्क. देशपातळीवरील किमान वेतन तेव्हा ७.२५ डॉलर होते, त्यामुळे दुपटीहून मोठा हा आकडा अनेकांना अवास्तव वाटला. तरी २०१६ मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरकडे नेणारे कायदे केले. विषमता हा शब्द आधीच लोकांच्या तोंडी रुळला नसता, तर त्या आकड्याकडे इतक्या गांभीर्याने पाहिले गेले असते का, याची मला शंका आहे.

प्रतिसाद २:
रस्ते अडले की पहिला फटका रोजंदारीवर जाणाऱ्यालाच बसतो, आणि मोडतोडीचे समर्थन मी कधीच करणार नाही. पण लोक कशामुळे चिडतात, हे फ्रान्सच्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनातून स्पष्ट दिसते. इंधनावरील करवाढ हे नोव्हेंबर २०१८ मधले निमित्त होते. त्याच वर्षाच्या आरंभी सरकारने श्रीमंतांवरील संपत्ती कर रद्द करून केवळ स्थावर मालमत्तेपुरता कर ठेवला होता. शहराबाहेर राहून रोज गाडीने कामावर जाणाऱ्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्याला काय वाटावे? डिसेंबरात करवाढ मागे घेतली गेली, संपत्ती कर मात्र परत आला नाही.

प्रतिसाद ३:
चिलीचे उदाहरण यापेक्षा कठीण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागो मेट्रोच्या ३० पेसोंच्या भाडेवाढीवरून उसळलेले आंदोलन '३० पेसो नव्हे, ३० वर्षे' या घोषणेपर्यंत पोचले; म्हणजे राग केवळ भाड्याचा नव्हता, तर लोकशाही परतल्यानंतरच्या तीन दशकांत साचलेल्या विषमतेचा होता. त्या दबावातून वर्षभराने झालेल्या सार्वमतात सुमारे ७८ टक्के मतदारांनी नव्या संविधानाच्या बाजूने कौल दिला. तरीही पहिला मसुदा २०२२ मध्ये सुमारे ६२ टक्क्यांनी फेटाळला गेला आणि २०२३ मध्ये दुसराही नाकारला गेला. निवृत्तिवेतनातील मालकांचा वाटा वाढवणारी सुधारणा संमत व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. ज्या वृद्धांच्या तुटपुंज्या पेन्शनसाठी माणसे रस्त्यावर आली होती, त्यांच्यासाठी हा विलंब लहान नव्हता.

प्रश्नकर्ता:
आपणा तिघांचेही आभार. चिलीबद्दल वाचून असे वाटते की, आंदोलन ओसरल्यानंतरची ही पाच-सहा वर्षे माझ्यासारख्या माणसाच्या अधिक उपयोगाची आहेत. मसुदा वाचणे, आपल्या लोकप्रतिनिधीला त्याबद्दल लेखी विचारणे, कामगार संघटनेची वर्गणी नियमित भरणे, हे मोर्चात न जाताही मला करता येईल. घोषणांमागे नेमकी मागणी असेल आणि ती शांततेने मांडली जात असेल, तर यापुढे मी मोर्चातही जाईन.