इंजिनचं ‘ब्रेक-इन’ : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

खाजनबांध (फोंडा)
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आमच्या वाड्यावरच्या आठवी-नववीच्या पोरांना रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो ट्रकचं वेड लागलंय. बॅटरीवरचं खेळणं नव्हे, आत खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि ते मेथॅनॉल, नायट्रोमीथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालतं. ट्रकातलं ३.५ सीसीचं इंजिन काढून ४.६ सीसीचं घालायचं, पण त्याआधी ब्रेक चांगले करायचे, असं ठरलंय. पोरं मराठीत वाचणारी, म्हणून सूचना मराठीत लिहायला बसलो.

एक वाक्य असं होतं : ‘नव्या इंजिनचं ब्रेक-इन झाल्याशिवाय नव्या ब्रेकची परीक्षा घेऊ नये.’ एका पोराने विचारलं, ‘काका, इंजिनातसुद्धा ब्रेक असतो?’ इंग्रजीत स्पेलिंग वेगळं म्हणून निभावतं. देवनागरीत दोन्ही ब्रेक एकच. मग वाक्य बदलून ‘आधी इंजिन नीट बसू द्या’ असं केलं. पोराने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, इंजिन ज्या पट्टीवर असतं तिचे चारही स्क्रू करकचून आवळले आणि म्हणाला, ‘बसलं, काका. हालत नाही.’ वर तिस्कावरच्या गॅरेजवाल्याने ऐकवलं, ‘इंजिन बसलं म्हणजे कामातून गेलं. असलं अभद्र लिहू नका.’

तर नवं इंजिन सुरुवातीला बेताबेताने चालवून त्याचे भाग एकमेकांशी जुळवून घेणं, याला मराठीत काय म्हणता?

पंचगंगा (कोल्हापूर)
शब्द आहे की! आमच्याकडे नवी मोटारसायकल आणली की म्हातारी माणसंसुद्धा सांगतात, ‘गाडी मोकळी होऊ दे, मग पळव.’ इंजिन मोकळं करणे. कुठल्याही गॅरेजात विचारा, लगेच कळतं.

शब्दवेडी (पर्वरी)
‘मोकळं करणे’ म्हणजे सुटं करणे, रिकामं करणे. गोठ्यातली गाय मोकळी करतात, खोली मोकळी करतात. इथे हवा तो अर्थ सवयीने जागच्या जागी येण्याचा आहे, आणि त्याला मराठीत ‘रुळणे’ हे नितांत सुंदर क्रियापद आहे. नवी सून घरात रुळते, शब्द भाषेत रुळतो. इंजिन रुळवणे. तीस वर्षं मराठी शिकवल्यावर सांगते, मुलांना चांगला शब्द दिला की मुलं तो उचलतात. आपणच द्यायला कचरतो.

दर्यादेग (मडगाव)
ताई, शब्द गोड आहे, पण इंजिनाशेजारी ठेवून वाचा. ‘इंजिन रुळवा’ म्हटलं की डोळ्यांपुढे रूळच येतात. आमच्याकडे इंजिन म्हणजे आधी रेल्वेचं. मुरगावची रेल्वे १८८०च्या दशकापासूनची, माझ्या आजीला मोटारीचं इंजिन माहीतच नव्हतं. ती म्हणायची, ‘इंजिन आयलें.’

आणि ‘रुळणे’ हा शब्द रूळ या वस्तूवरूनच आला असणार. शेतात ढेकळं फोडायला फिरवतात तो रूळ. फिरून फिरून जमीन सपाट होते, तसं माणूस रुळतं.

शब्दवेडी (पर्वरी)
ही व्युत्पत्ती तुमची तुम्हीच केलेली दिसते. केस खांद्यावर रुळतात, पदर जमिनीवर रुळतो. तिथे कुठला रूळ फिरला? आधी लोळणं, मग सैलावणं, मग सवयीचं होणं असा तो अर्थ सरकत गेला आहे.

दर्यादेग (मडगाव)
केसांचं मान्य. पण रूळ सोडायला मी तयार नाही.

नायट्रोवाला (मिरामार)
शब्द ठरवण्याआधी आत काय घडतं ते बघूया, कारण मोटारसायकलचा शब्द इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मोटारसायकलच्या पिस्टनला रिंगा असतात. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसतात, म्हणून तिथे ‘रिंगा बसल्या’ हे अगदी बरोबर. नायट्रोच्या बहुतेक छोट्या इंजिनांत रिंग नसतेच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बाहेरची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी) पितळेची आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. नवं थंड इंजिन हाताने फिरवून बघा. पिस्टन अगदी वर पोचला की अडकल्यासारखा होतो, कधीकधी फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक) हलतच नाही. पोरांना वाटतं इंजिन बिघडलेलं आलं. ते तसंच असायला हवं. तापलं की स्लीव्ह फुगते आणि पिस्टनला हवी तेवढीच जागा मिळते.

म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या इंधन जास्त ठेवून चालवायचं, तापू द्यायचं, थांबवून पिस्टन खाली आणून थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा चालवायचं. वरची ती घट्ट पकड थोडी कमी होते. पूर्ण जाता कामा नये. ती पूर्ण गेली की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलं, गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

आता सांगा, ‘इंजिन मोकळं झालं’ हे मी पोराला कुठल्या अर्थाने सांगू? चांगलं झालं म्हणून की संपलं म्हणून?

पंचगंगा (कोल्हापूर)
संपलं त्याला आम्ही ‘ढिलं झालं’ म्हणतो. मोकळं आणि ढिलं यांत फरक आहे. खुर्चीतला माणूस मोकळा बसतो, खुर्चीचा पाय ढिला होतो.

नायट्रोवाला (मिरामार)
हे पटलं. मोकळं म्हणजे हवं तेवढं, ढिलं म्हणजे त्यापुढचं. सूचनेत दोन्ही शब्द जवळजवळ दिले तर भागेल.

जांभा (सांखळी)
तुम्ही सगळे इंजिनावर बसलात, ब्रेक राहिले बाजूला. माझे वडील खनिजाचा टिपर चालवायचे, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. त्यांच्या तोंडी ‘बसणे’ हा शब्द ब्रेकासाठीच असायचा. नवे लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) घातले की पहिले दोन दिवस गाडी जपून चालवायची, ‘लायनर अजून बसूंक ना’ म्हणायचे. भरलेली गाडी उताराला लागली आणि सारखा पाय ठेवून ठेवून ड्रम तापले की ‘ब्रेक धरत नाही’. ब्रेक लागत नाही ते वेगळं, धरत नाही ते वेगळं. लागतो, पण धरत नाही. ‘ब्रेक फेल’ हा त्याच्या पुढचा प्रकार.

हे तीन शब्द पोरांना आधी शिकवा, कारण छोट्या ट्रकातही तिन्ही गोष्टी होतात.

नायट्रोवाला (मिरामार)
अगदी होतात. या ट्रकात चारही चाकांना वेगवेगळे ब्रेक नसतात. गिअरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्यावर एक चकती असते, दोन बाजूंना दोन पॅड. मधली छोटी दांडी अर्धी वळली की पॅड चकतीला चिमटतात आणि चारही चाकं एकदम थांबतात. मूळची चकती बऱ्याचदा फायबरची, ती तापली की जांभा म्हणतात तसं धरत नाही. तिच्याजागी पोलादी चकती आणि अस्तर लावलेले धातूचे पॅड घालतात. वजनदार ट्रकाला दोन चकत्या.

पण खरी गोम सर्व्होत, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर वळणाऱ्या छोट्या मोटरीत आहे. एकच सर्व्हो एका बाजूला वळला की कार्बोरेटर उघडतो, दुसऱ्या बाजूला वळला की ब्रेक दाबतो. चकती चांगली घातली आणि सर्व्हो जुनाच दुबळा ठेवला, तर पैसे पाण्यात. आणि मधल्या जागी असताना चकती पूर्ण सुटी फिरली पाहिजे. जराशी घासत राहिली तरी इंजिनावर भार येतो, ते तापतं, आणि माणूस दोष इंजिनाला देतो.

शब्दवेडी (पर्वरी)
तुम्ही किती सहज ‘चिमटतात’, ‘धरत नाही’, ‘सुटी फिरली’ लिहून गेलात! मग ‘ब्रेक’ हा शब्दच का हवा? मराठीत ‘खीळ’ आहे, ‘लगाम’ आहे, ‘चाप’ आहे. पॅड चिमटणाऱ्या भागाला तर चाप हाच शब्द चपखल. बंदुकीचा चाप, कागदाला लावायचा चाप, आणि ‘चाप लावणे’ म्हणजे आवरणे.

दर्यादेग (मडगाव)
लगाम तर फारशी, ताई. पण तुम्ही योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. पोर्तुगीजमध्ये ब्रेकला ‘फ्रेयु’ असाही शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ घोड्याच्या तोंडातली कडी. म्हणजे त्यांनी लगामापासूनच ब्रेक केला. आपणही करू शकलो असतो.

गोव्यातल्या गॅरेजची अर्धी भाषा त्यांच्याकडून आलेली. मेस्त्री आला ‘मेस्त्र’वरून, आम्ही तर नुसतं मेस्त म्हणतो. चावी आली ‘शाव्ह’वरून. त्यांच्यात शाव्ह म्हणजे कुलपाची किल्ली आणि नटबोल्टचा पानाही. आपण किल्ली घेतली, पाना सोडला.

पंचगंगा (कोल्हापूर)
हिंदी मेस्त्री पान्याला चाबी म्हणतात की! बारा नंबरची चाबी. मग हा त्यांचाच दुसरा अर्थ म्हणायचा का?

दर्यादेग (मडगाव)
दोन्ही अर्थ आले असतील. किंवा पान्याने फिरवणं कुलूप फिरवण्यासारखं दिसलं आणि इथेच जुळलं असेल. मी पहिल्या बाजूचा.

जांभा (सांखळी)
चाप वगैरे ठीक आहे, पण ब्रेकला ब्रेकच राहू द्या. मोटारसायकल पायलटच्या (भाड्याच्या दुचाकीवाल्याच्या) मागे बसून आजीसुद्धा ओरडते, ‘ब्रेक मार मरे!’ तिला लगाम कुठून आठवणार? ज्या शब्दाने जीव वाचतो तो शब्द बदलायचा नसतो. रेंज सुटली किंवा रिसीव्हरची बॅटरी उतरली तर सर्व्होने आपोआप ब्रेकवर जावं, अशी सोय लावता येते. पोरांना ती लावायला सांगा. सुटलेला पाच किलोचा ट्रक पोटरीवर आदळला तर हाड मोडेल.

शब्दवेडी (पर्वरी)
ब्रेक ओरडण्यासाठी राहू दे. लिहिण्यासाठी वेगळा शब्द असायला काय हरकत? बोलण्यात ‘पाणी दे’, लिहिण्यात ‘जलसंधारण’, दोन्ही आपलेच ना?

पंचगंगा (कोल्हापूर)
जलसंधारण सरकारी कागदावर चालतं, ताई. पोरगं हातात पाना घेऊन बसलंय.

खाजनबांध (फोंडा)
सगळं वाचतोय. ‘मोकळं’ आणि ‘ढिलं’ ही जोडी मला आवडली आहे, अजून पक्कं केलेलं नाही. त्याच कागदातला पुढचा अडथळा सांगतो. ‘इंधन जास्त ठेवून’ हे नायट्रोवाल्यांनी सोपं करून लिहिलं, पण पुस्तकात ‘रिच’ (इंधन जास्त) आणि ‘लीन’ (इंधन कमी) असतं. मी ‘दाट’ आणि ‘पातळ’ केलं. पोरांना वाटलं इंधनात पाणी घालायचं!

नायट्रोवाला (मिरामार)
पाणी हा विषय गोव्यात गंभीर आहे. मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात बाटलीचं बूच सैल राहिलं तर इंधन खराब. आणि बाटली मोठ्यांच्याच हाती असू द्या, मेथॅनॉल विषारी आहे.

दाट-पातळ नको. मी थेट सुईवर बोलतो. कार्बोरेटरची सुई आवळली की इंधन कमी, सोडली की जास्त. ‘सुई आवळ’, ‘सुई सोड’, एवढं पुरे. गोव्याच्या दमट उकाड्यात हवा विरळ असते, प्राणवायू कमी, म्हणून थंड कोरड्या हवेतल्यापेक्षा सुई जराशी आवळावी लागते. पण इंजिनाच्या डोक्याचं तापमान बघत. साधारण १०० ते १२५ अंश सेल्सियस ठीक, त्यापुढे गेलं की लगेच सोडायची. इंजिन मोकळं व्हायच्या आधी तर आवळायचीच नाही.

शब्दवेडी (पर्वरी)
‘सुई सोड’ म्हणजे पोरगं सुई हातातून टाकून देईल. ‘सैल कर’ लिहा.

जांभा (सांखळी)
आमच्याकडे नट सोडतात, तो कोणी टाकत नाही.

पंचगंगा (कोल्हापूर)
एक शंका. ‘थांबवून थंड होऊ द्या’ म्हणालात, पण किल्ली तर दिसत नाही. हे इंजिन बंद कसं करतात?

नायट्रोवाला (मिरामार)
इथे स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यातल्या प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेला फक्त सुरू करताना दीड व्होल्ट द्यायचे. नंतर ती ज्वलनाच्या उष्णतेने आणि मेथॅनॉलशी होणाऱ्या प्रक्रियेने आपोआप लाल राहते. त्यामुळे तोडायला वीज नाहीच. इंधनाची नळी चिमटायची किंवा सायलेन्सरचं तोंड कापडाने दाबायचं.

दर्यादेग (मडगाव)
मग हे ‘बंद करणं’ नाहीच! बटण असतं ते बंद होतं. लाल तार निवली म्हणजे इंजिन विझलं. कोकणीत आम्ही दिवो पालयतात तसं ‘इंजिन पालयलें’ म्हणू.

शब्दवेडी (पर्वरी)
‘विझवणे’! हा मात्र मला मनापासून पटला. खाजनबांध, हे लिहाच.

जांभा (सांखळी)
इंजिन विझलं म्हटलं तर पोरं ते पेटलं होतं असं समजतील आणि बादली घेऊन धावतील. ‘बंद केलं’ लिहा, सगळ्यांना कळतं.

दर्यादेग (मडगाव)
पेटतंच की आत, तेच तर त्याचं काम. चूल बंद करतात का कोणी?

पंचगंगा (कोल्हापूर)
गॅस बंद करतात.