कोकण ते सोलापूर भिंतीवर काढतोय, झाडं कुठली दाखवू?

रंगारी_भाऊ: गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर बारा फुटी चित्र चाललंय, डावीकडे समुद्र, मधे सह्याद्री, उजवीकडे सोलापूर. घाटापर्यंत जमलं, पण पुढे नुसता मातकट रंग मारला की भिंत ओकीबोकी दिसते. तिथे हिरवी झाडं टाकू का? किनाऱ्यावर सुरूची तीन काढलीत, चालतील ना?

माळकरी: झाडं नको रे बाबा! माळ ओसाड नसतो, गवताचा असतो. पवन्या, शेडा, कुसळी, मधेच एखादं बोर नाहीतर हिवर, बास. सरकारी दप्तरात 'पडीक' लिहिलं म्हणून लोकांनी तिथे झाडं लावत सुटायचं, सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं आणि त्या भागात गिरिपुष्पाच्या झाडांची लागवडपण झाली, आता त्या पक्ष्याला मोकळा माळ लागतो हे कोणाला सांगायचं. तू निदान भिंतीवर तरी नको करू.

खाडीवाली: सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, आपल्याकडे लागवडीचा. खाडी दाखव, तिथे कांदळ आणि तिवर, ही खारफुटीची झाडं. मुळं नीट बघून काढ हां, कांदळाची खोडातून कमानी करून चिखलात उतरतात, तिवराची चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. सगळे एकच काढतात.

घाटमाथा: आधी महिना ठरव. कासचा सडा, म्हणजे साताऱ्याजवळचं ते खडकाळ पठार, फुलतो सप्टेंबरात आणि पळस पेटतो फेब्रुवारी-मार्चात, दोन्ही एका चित्रात आले की गंडलं. आणि महाबळेश्वरला त्रिकोणी ख्रिसमसची झाडं काढू नको प्लीज, तिथे अंजन, जांभूळ, पिसा, वाऱ्याने बुटके राहिलेले, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसतात. महाबळेश्वरच्या उजवीकडे हा हिरवा लगेच संपव. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमी पाऊस, तीसेक किमीवरच्या वाईत त्याच्या पावपटसुद्धा नाही.

रंगारी_भाऊ: मग ऑक्टोबरअखेर धरतो, म्हणजे पळस हिरवाच आणि कासचा रंगीत पट्टापण काढायला नको. सुरूवर चिखल फासून खाडी करतो 😅 माळाला नुसता यलो ऑकर पुरेल?

माळकरी: पुरेल, पण कुसळीच्या तुऱ्यांना थोडा बर्न्ट सिएना दे, वाळताना ती लालसर तपकिरी होते आणि कुसळं एकमेकांत पिळून गुंततात. एकदा जाऊन ये, घरी येऊन मोज्यातून उपटत बसशील तेव्हा आकार आपोआप पाठ होईल.