मदत हवी आहे: दवाखान्यासाठी ऑनलाइन पेशंट रेकॉर्ड, कुठलं घ्यावं?

इंदुरी_डॉक्टर: सुदामानगरात छोटा दवाखाना आहे. ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर हवंय, सर्व्हरची भानगड नको. सोमवारपर्यंत ठरवायचंय. वापरत असाल तर नाव सांगा, भाषण नको.

सराफा_रात्री: डॉक्टर किती? पेशंट किती? भरती करता की नुसती ओपीडी? टाइप कोण करणार?

इंदुरी_डॉक्टर: मी आणि बायको. नुसती ओपीडी. गर्दी बरी असते. टाइप करायचं असतं तर विचारलं कशाला असतं?

रामबागवाला: बाह्म्नी घ्या! फुकट, ओपन सोर्स. बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलात सुरुवात झाली त्याची.

सराफा_रात्री: हॉस्पिटलातच ना? त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही. प्रश्न तरी वाचत जा.

रामबागवाला: मग भरा दरवर्षी भाडं. मला काय.

पलासिया_चौक: इन्व्हर्टर चांगला घ्या. आमच्याकडे जुना आहे, विकायचाय.

दवाखान्याची_सून: नाव नंतर. आधी विचारा, उद्या सोडायचं झालं तर डेटा कसा परत देणार? सासऱ्यांच्या दवाखान्यात आधीच्या कंपनीने पेशंटगणिक एकेक पीडीएफ हातात ठेवली. वजन, उंची, लसींच्या तारखा, सगळं त्यात अडकलेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांचे ग्रोथ चार्ट कोरे. रिसेप्शनची मुलगी अजून एक खिडकी पीडीएफची, एक नव्याची उघडून आकडे भरत बसते. म्हणून डेमोतच चार खोटे पेशंट भरा, एक्स्पोर्ट करायला लावा आणि एक्सेलमध्ये तारखा धड येतात का बघा.
‘आभा’, म्हणजे पेशंटचा सरकारी आरोग्य-नंबर, ‘जोडलंय’ म्हणाले तर कुठपर्यंत, तेही विचारा. त्याच्या तीन पायऱ्या: एम१ म्हणजे नुसता १४ अंकी नंबर काढणं, पडताळणं. एम२ मध्ये तुमचं रेकॉर्ड त्या नंबराला जोडलं जातं. पेशंटच्या संमतीने बाहेरचं रेकॉर्ड तुम्हाला दिसतं ते एम३ मध्ये. कुठल्या पायरीवर आहेत ते लेखी घ्या.

सराफा_रात्री: आणि रेकॉर्ड ३ वर्षं ठेवावंच लागतं, कायदा आहे.

दवाखान्याची_सून: मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ते भरती पेशंटांसाठी आहे. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं, हेही त्यातच. पण लहान मुलं येत असतील तर ३ वर्षांत काय होतंय? लसी पुढेही चालूच असतात.

जुना_तोफखाना: आमच्या लहानपणी कंपाउंडर लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. कुठलं सॉफ्टवेअर न् काय! आता तर मध्य प्रदेशात २०२२ पासून एमबीबीएससुद्धा हिंदीत.

इंदुरी_डॉक्टर: काका, बाटली राहू द्या. हिंदीवरून आठवलं, डोस हिंदीत छापून यायला हवेत, म्हातारी माणसं येतात. आणि नेट गेलं तर? सूनबाई, मुलं येतातच, बायको बालरोगतज्ज्ञ आहे.

दवाखान्याची_सून: हे आत्ता सांगताय? मग लसीकरण आणि ग्रोथ चार्ट आधी बघा, बाकीचं मागाहून. नेटचं म्हणाल तर डेमो चालू असताना वाय-फाय बंद करा. लिहिलेलं टिकलं तर ठीक, नाही तर पुढचा विक्रेता. मॅडमना विचारलंत का, त्यांना काय हवंय?

इंदुरी_डॉक्टर: तिला रजिस्टर हवंय.

रामबागवाला: बाह्म्नीत लसीकरण बसवता येतं, बरं का.