मदत हवी आहे: कागदावर कन्सल्टंट, काम नोकरीचं. टॅक्स आणि पीएफचं काय करू?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय, जरा लांबेल पण प्लीज वाचा.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कास्टिंग कंपनीत डिझाइनला आहे. जून २०१९ ला २२ हजारावर लागलो, आता ४५ आहेत. पण कागदावर मी 'कन्सल्टंट', दर ११ महिन्यांनी नवीन अ‍ॅग्रीमेंट, मधे एक दिवसाचा खंड नाही. सकाळी साडेआठला थंब, उशीर झाला की हाफ डे, सुट्टीला साहेबांची सही, कॉम्प्युटर कंपनीचा, सेफ्टी शूजपण कंपनीचे, आणि दुसरीकडं काम करायचं नाही हे अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलंय. महिनाअखेरीला अकाउंटवाले माझ्या नावाचं बिल स्वतःच टाइप करून ठेवतात, मी फक्त जाऊन खाली सही करायची.

१९४जे (प्रोफेशनल फीवरच्या टीडीएसचं कलम) खाली १० टक्के कापून ४०,५०० हातात येतात. पगारदारांना मिळतो तो फॉर्म १६ नाही, १६ए मिळतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटीचं तर नावच नाही.

इतकी वर्षं चालवून घेतलं. पण गेल्या महिन्यात विश्रामबागला फ्लॅट बघितला आणि बँकेतल्या मॅडम म्हणाल्या सॅलरी स्लिप नाही तर तीन वर्षांची रिटर्न्स आणा. नेली तर उत्पन्न निम्मंच दिसतंय, कारण आमचे सीए दरवर्षी ४४एडीए लावतात, म्हणजे निम्मा खर्च धरायचा आणि उरलेल्यावर टॅक्स. लोनपण त्याच हिशोबानं निम्मं.

मग रात्री वही घेऊन बसलो. २०२४-२५ ला ५,४०,००० मिळाले. ४४एडीएनं २,७०,०००, टॅक्स शून्य. पगार धरला तर ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ४,६५,०००, नव्या रिजीममध्ये ८७ए च्या रिबेटमुळं तिथंही शून्य. कापलेले ५४,००० दोन्हीकडं परतच येतात! म्हणजे कन्सल्टंट होऊन टॅक्समध्ये मला काहीच सुटलं नाही, आणि पीएफचा कंपनीचा वाटा १५ हजारावर १२ टक्के धरला तरी महिन्याला १,८००, सहा वर्षांचे १,२९,६०० गेले, व्याज वेगळंच.

माझा मामेभाऊ लंडनला कॉन्ट्रॅक्टवर आहे. तिकडं असल्या कामासाठी आयआर३५ नावाचा टॅक्सचा नियम आहे, २००० पासून, आणि २०२१ पासून मोठ्या-मध्यम खाजगी कंपन्यांनीच ठरवून लेखी द्यायचं असतं की हा माणूस टॅक्सपुरता नोकर धरायचा का नाही. आपल्याकडं मला लेखी कोण देणार?

तर १९४जे कापलं असताना मी रिटर्नमध्ये पगार दाखवू शकतो का? आणि पीएफ मागितला तर जुनी ४४एडीएची रिटर्न्स माझ्यावरच उलटतील का?

मिरजकर: दादा, टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला यावरनं नोकरी ठरत नाही, खरं नातं काय ते बघतात. सुप्रीम कोर्टानं १९५६ मध्येच धरलंय की काम काय करायचं एवढंच नाही तर कसं करायचं हेही मालक ठरवत असेल तर ती नोकरी. पण नुसते फिक्स पैसे मिळतात म्हणून होत नाही, पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या केसमध्ये २०१५ ला मुंबई हायकोर्टानं तसं मानलं नव्हतं. तुमची जमेची बाजू थंब, रजा आणि दुसरीकडं कामाला बंदी. रिटर्न्सचा मुद्दा मात्र कंपनी काढणारच, ४४एडीए व्यवसायवाल्यांचं आहे, एका हातानं ते घेऊन दुसऱ्या हातानं नोकर म्हणवून घेता येत नाही, असं म्हणेल. उत्तर तयार ठेवा, आणि पुढचं रिटर्न भरायच्या आधी सीएंशी हे सगळं बोला.

कृष्णाकाठ: आधी कुठं पीएफ होता का? २२ हजारावर लागलाय म्हणजे १५ हजाराच्या वर, पहिलीच नोकरी असली तर पीएफ द्यायचं बंधन नव्हतंच असं कंपनी म्हणेल.

धागाकर्ता: होता! साताऱ्याला दोन वर्षं होतो, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे, पैसे अजून काढले नाहीत.

कृष्णाकाठ: मग ते काढूच नका. थंबचे रिपोर्ट, रजेचे मेल, सगळी अ‍ॅग्रीमेंट गोळा करा, पीएफ ऑफिसात चौकशी लागली तर तेच कामाला येतं.

धागाकर्ता: खूप आभार दोघांचे. आत्ता कपाट उपसलं, २०२२ चं अ‍ॅग्रीमेंट नाही, त्यांनी तेव्हा कॉपीच दिली नव्हती. मागितलं तर पहिला प्रश्न येणार कशाला पाहिजे, आणि घरात कमावणारा मी एकटा. होम लोनला लागतंय म्हणून मागू का? ते खोटंपण नाही. कुणी अशी कॉपी मागून घेतली असेल तर सांगा.