नुसत्या राण्या नकोत, खुणा द्या

आपल्या इंदूरच्या मेट्रो स्टेशनात भित्तिचित्रं म्हणजे उधळपट्टी, त्या पैशात पंखे लावा, असं काही जण म्हणतात. पंखे हवेतच, वाद नाही. पण अमेरिकेतल्या सिएटलच्या लाइट रेलमध्ये (शहरातली हलकी रेल्वे) बोगद्यांचा खर्च वगळून बांधकामाचा 1 टक्का कलेसाठी आधीच बाजूला काढतात. तिथल्या कॅपिटल हिल स्टेशनात (2016) फलाटावर दोन जुनी लढाऊ विमानं कापून, रंगवून, नाकासमोर नाक अशी टांगलीयत. नाव काय, तर ‘जेट किस’! असलं काही स्टेशन बांधून झाल्यावर सुचलं तर टांगणार कुठे?

मला त्याहून भावते मेक्सिको सिटी. तिथे 1969 पासून प्रत्येक स्टेशनाला स्वतःचं चित्रचिन्ह आहे. चापुल्तेपेकचा तर चक्क नाकतोडा. अक्षरओळख नसलेला माणूसही बरोबर उतरतो. आपल्या इंदूरला 2025 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पाच स्टेशनांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई आणि झलकारीबाईंची नावं दिलीत. नावं उत्तमच, पण चित्रं काढायला गेलात तर चार ठिकाणी तीच तलवार, तोच घोडा! आजीला कसं कळायचं कुठे उतरायचं ते? अहिल्याबाईंना महेश्वरी साडीचा काठ द्या, लांबून ओळखू येईल.

आणि काम फ्लेक्सवाल्याला नको. चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली इथे इंदुरातच बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले. आजच्या कला महाविद्यालयातल्या मुलांना भिंती द्या की. पान थुंकतील म्हणाल, तर खालचे चार फूट टाइल्स लावा आणि चित्र त्याच्या वरच्या भागात.