चर्चा: अनुदानाशिवाय काजू कारखान्यांचा धूर कमी होईल का?

काजूबोंड, कुडाळ: आमच्या भागातले कितीतरी छोटे कारखाने अजून टरफलंच जाळून काजू बी वाफवतात. तो धूर घशाला किती झोंबतो ते वाडीतल्यांना विचारा. सरकारने हात दिल्याशिवाय हे लोक चांगला बॉयलर, ड्रायर घेणार नाहीत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२० पासून ३५ टक्के अनुदान आहे, १० लाखांपर्यंत. वाट मोकळी आहे.

हिशेबी मालवणकर: मोकळी? ते ३५ टक्के हातात पडत नाहीत, भाऊ. बँकेत वेगळे राहतात. तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं, युनिट सुरू राहिलं, तरच कर्जात वळते होतात. तोवर १० टक्के पदरचे, बाकी कर्ज. शिवाय योजना प्रक्रियेची. धूर कमी झाला का, हे बघतो कोण? टरफलाचं तेल रंगाला, ब्रेक लायनिंगला लागतं. तेलवाल्याने बरा भाव दिला तर जाळील कोण?

काजूबोंड: टेम्पोभर माल असल्याशिवाय तेलवाला फिरकत नाही. दिवसाला दोन पोती फोडणाऱ्याने काय करायचं? आणि तीन वर्षांची अट हवीच, नाहीतर मशीन कागदावरच येईल.

परुळ्याचो: पैशाचा सोडा रे. माझ्या सातबाऱ्यार सतरा नावां. अर्धी मुंबयत, दोगे वारले. शेडीक संमतीपत्र होया, सह्यो खयसून आणू?

आमसूलताई, गुहागर: आमच्या बचतगटाला याच योजनेतून प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळालं, त्यामुळेच बायका ड्रायरला तयार झाल्या. कोकम मे महिन्यात येतं आणि पाऊस दारात. उन्हावर भरवसा ठेवून किती आमसुलं बुरशीला घालवायची?

हिशेबी मालवणकर: ताई, ते गटांना झालं. एकट्या कारखानदाराचं काय? घराच्या छपरावरच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत मिळतात, कारखान्याच्या शेडला त्यातलं काही नाही. तिथे मुळात वीज महाग, सोलर अनुदानाविनाही परवडतं. अडतं सुरुवातीच्या भांडवलावर. म्हणून व्याज कमी करा. एमएसई-गिफ्ट या लघुउद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या हरित, म्हणजे प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रांसाठीच्या, कर्जाला व्याजात २ टक्के सवलत आहे. आमच्या शाखेत कुणी नावही ऐकलं नव्हतं, ते वेगळं.

काजूबोंड: २ टक्के! पाच लाखांवर वर्षाला दहा हजार. एवढ्यासाठी कोण जुना बॉयलर काढतोय?

आमसूलताई: परुळ्याच्या दादा, आम्ही ग्रामपंचायतीची शेड भाड्याने घेतली. सातबारा आडवा आलाच नाही.

परुळ्याचो: ताई, तुमचो गट आसा. मी एकटोच आसंय.