जुन्या गाडीची एअरबॅग: रिकॉल कसा तपासायचा?

मुलुंडकर:
2010 ची सेडान सेकंडहँड घेतलीय. जुन्या मालकाकडे सर्व्हिसचे कागद नाहीत. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगबद्दल वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, कारण आई कायम पुढेच बसते. गाडी बारा महिने सोसायटीबाहेर उघड्यावर. काय करू?

गिरगाव_चौपाटी:
मालक बदलला तरी रिकॉल (सदोष भाग बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं) गाडीवरच राहतो. आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाका. काम बाकी असेल तर फुकट करून देतात.

दादर_टीटी:
उघड्यावर उभी असते हेच काळजीचं. त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट असतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता लागली की ते बिघडतं, आणि बॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे थेट माणसावर येतात. यात माणसं गेली आहेत. आपल्याकडची हवा म्हणजे बघा! आईंना आजपासून मागे बसवा, बेल्ट लावून. आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला एअरबॅगला हात लावू देऊ नका.

मुलुंडकर:
नंबर टाकला. पॅसेंजर साइडचं काम बाकी दाखवतंय. शनिवारची वेळ घेतली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

गिरगाव_चौपाटी:
जॉबकार्डवर इन्फ्लेटर बदलल्याचं लिहून घ्या, नुसतं ‘चेक केलं’ नको.